कान्हेरेकाकांचं ‘फॉर द टाइम बीइंग’

बदलीवर झाशीला रुजू झाले त्या सकाळी ऑफिसात मला बसायला खुर्ची नव्हती. रेल्वेच्या ऑफिसात माणूस आधी येतो आणि खुर्ची मागाहून, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. फायलींच्या कपाटाला टेकून मी अवघडून उभी होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलामागून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उठले, व्हरांड्यातलं चहावाल्याचं लाकडी स्टूल स्वतः उचलून घेऊन आले, खिशातल्या रुमालाने ते पुसलं आणि मराठीत म्हणाले, “बसा.” मग स्वच्छ इंग्रजीत पुढे जोडलं, “फॉर द टाइम बीइंग.”

त्या स्टुलावर मी इतके दिवस बसले, की चहावाल्याने कंटाळून स्वतःसाठी दुसरं स्टूल करून घेतलं.

हे कान्हेरेकाका. साहेब लोकांच्या सहीने जे इंग्रजी हुकूम निघायचे, त्यांचे मसुदे काका लिहायचे. ऑफिसात ते ‘कान्हेरे जी’ होते. आम्हा चारदोन मराठी माणसांचे काका. मूळचे वाईचे. कुणाची तरी जागा रिकामी पडली, कायमचा माणूस येईपर्यंत सांभाळा, म्हणून त्यांना झाशीला पाठवलं होतं. कायमचा माणूस काही आला नाही. काकांचं लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा इंजिनियर होऊन पुण्याला गेला, तरी काका आपले कायमच्या माणसाची वाट बघत त्याची जागा सांभाळत होते. मधल्या काळात तो कायमचा माणूस आपणच झालो आहोत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. कुठल्याही अर्जावर कायमचा पत्ता म्हणून ते वाईचा घालायचे. चहा कधी पूर्ण कप घ्यायचे नाहीत. अर्धा घ्यायचे, थोड्या वेळाने परत अर्धा. “न जाणो, साहेबांचं बोलावणं आलं तर उरलेला वाया जायचा,” असं म्हणायचे. साहेबांचं बोलावणं दिवसाकाठी एकदा यायचं, तेही जेवणानंतर.

आणि एक सवय. ओळखीचं कुणीही झाशी सोडून निघालं, मग ते बदलीवर असो की चार दिवस माहेरी, काका पोचवायला स्टेशनवर हजर. गाडी सुटली की डब्याबरोबर चार पावलं चालायचे आणि मग शेवटचा गार्डाचा डबा नजरेआड होईपर्यंत हात वर करून उभे राहायचे. काकू म्हणायच्या, “ह्यांना वाटतं, आज ना उद्या आपल्यालाही कुणी पोचवायला येईल. म्हणून आधीच हजेरी लावून ठेवतात.”

पहिल्याच महिन्यात मी एका हुकुमाचा मसुदा केला आणि त्यात ‘टेम्पररिली’ असं लिहिलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, टेम्पररी म्हटलं की माणूस लगेच विचारतो, कधीपर्यंत? तारीख द्यावी लागते. तारीख असती तर आपण दिली नसती का? ‘अनटिल फर्दर ऑर्डर्स’ लिहिलं तर वर कुणी साहेब बसलाय आणि तो ठरवणार आहे, असं वाटतं. त्याची भीती वाटते. ‘फॉर द टाइम बीइंग’ म्हणजे कुणीच काही ठरवलेलं नाही. सध्या आहे ते असं आहे. पुढचं पुढे.”

“म्हणजे तूर्त,” मी म्हटलं.

“तूर्त म्हणा. पण मराठीत तूर्त म्हटलं की जरा घाई वाटते. ह्यात घाई नाही.”

“आणि कायमचं असेल तर? ‘फॉर गुड’?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून आले होते. “तो शब्द ऑफिसात वापरायचा नाही. घरातही नाही.”

मला हे सगळं फार हास्यास्पद वाटायचं. मी स्वभावाने धडाधड कामं उरकणारी. झाशीत आले त्याच आठवड्यात फ्रिज घेतला, गॅसचा नंबर लावला, दारावर नावाची पाटी ठोकली. काका ती पाटी बघून म्हणाले होते, “स्क्रू मारलेत? गोंदाने चिकटवायची होती.” पण सक्सेनाजींचं प्रकरण झालं आणि मी काकांच्या शब्दाला हसायचं बंद केलं.

सक्सेनाजी मालगाडीचे गार्ड. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. आता त्यांना गाडीवर जाता येणार नव्हतं, कधीच नाही. त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवायचा हुकूम काढायचा होता. साहेबांनी सांगितलेलं वाक्य कोरडं आणि पूर्ण होतं. काकांनी ते तसंच उतरवलं, मग थोडा वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी आपले शब्द जोडले. साहेबांनी सही करताना भुवया उंचावल्या, पण खोडलं नाही.

सक्सेनाजींनी तो हुकूम व्हरांड्यात उभ्याने वाचला. आत येऊन काकांना विचारलं, “कान्हेरे जी, इसका मतलब, लौट भी सकता हूँ?”

“लिखा तो यही है, सक्सेना जी,” काका म्हणाले.

सक्सेनाजींनी हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि शिट्टी रेकॉर्डच्या खोलीत टेबलाच्या खणात ठेवली. निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती. अधूनमधून काढून ते झेंड्यांची घडी बदलायचे. मी काकांना विचारलं, हे खोटं नाही का? तुम्हाला माहीत होतं ना, ते परत जाणार नाहीत?

“खोटं कसं? त्या दिवशी ते गाडीवर नव्हते, एवढंच मी लिहिलं. आपलं आयुष्यभराचं काम संपलं, हे माणसाला एका घोटात गिळता येत नाही हो. थोडं थोडं प्यावं लागतं.”

बाहेरच्या माणसावर अशी दया करणारा मनुष्य घरात काय करत असेल, हे मला काकूंमुळे कळलं.

सुलभाकाकू ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला चटपटीत. बाजारात बुंदेलीत घासाघीस करायच्या आणि घरात येऊन वाईच्या मराठीत त्याचं वर्णन करायच्या. त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हे लोक उद्या निघालेत. बदलीचं सामान भरायची लाकडी खोकी भिंतीला लावून त्यावर गादी घातली होती, तो दिवाण. एका खोक्यावर देव, दुसऱ्यावर टीव्ही. भिंतीला एक खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं. बदलीचा हुकूम आला की रेल्वे सामानासाठी वॅगन देते, ती आली की खोकी नुसती उलटी करून भरायची, अशी काकांची योजना होती.

दिवाळीच्या आधी काकूंनी मला मदतीला बोलावलं. दिवाणाखालून त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक जड गाठोडं ओढून काढलं. आत पितळी साखळ्या होत्या. कडीला कडी, मधे मोर, मधे हत्ती. त्यांच्या माहेरच्या झोपाळ्याच्या. माहेरचं घर मोडलं तेव्हा भावांनी विचारलं, तुला काय हवं, तर काकूंनी झोपाळा मागितला. सागवानी पाट खाटेच्या मागे उभा करून ठेवला होता.

आम्ही दोघी चिंचेच्या कोळाने साखळ्या घासत बसलो. काकू प्रत्येक मोराची चोचसुद्धा बोटाने घासायच्या. घासून, धुऊन, पुसून साखळ्या सोन्यासारख्या झाल्या. मला वाटलं आता टांगणार. काकूंनी त्या परत लुगड्यात गुंडाळल्या.

“हे काय?” मी म्हटलं.

“दरवर्षी असंच,” काकू म्हणाल्या. “काळ्या पडू नयेत म्हणून घासायच्या आणि ठेवून द्यायच्या. हे म्हणतात, सरकारी छताला भोक कशाला पाडायचं, आपण इथे फॉर द टाइम बीइंग.” काकांचा उच्चार त्या हुबेहूब करायच्या. “माझ्या आईने मला ह्याच झोपाळ्यावर मांडीवर घेऊन झोपवलंय. मला फक्त एकदा माझ्या घरात ह्यावर बसून चहा प्यायचाय. पण माझं घर कुठलं, हेच अजून ठरत नाहीये.”

त्या हसून बोलल्या, पण गाठोडं दिवाणाखाली सारताना त्यांचा हात क्षणभर त्यावरच राहिला. सक्सेनाजींना वाटून दिलेला दयेचा घोट ह्या बाईला मात्र जन्मभर पाजला गेला होता, आणि मला काकांचा फार राग आला.

मराठी मंडळातही तेच. गणपतीच्या तोंडावर आधीचे सचिव बदलून गेले म्हणून काकांनी ‘फॉर द टाइम बीइंग’ सचिवपद घेतलं आणि ते पुढे कुणी मागितलंच नाही. मंडळाची मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. “काका, मला ना, आरती समजते पण बोलता नाही येत,” असं एखादी मुलगी म्हणाली की काका तिच्यासाठी आरती हळू लयीत म्हणायचे, मागचे लोक टाळ्या वाजवून थकले तरी. पण मंडळाची जागा घ्यायचा विषय निघाला की सचिव गप्प. मखर दरवर्षी नवं, घडीचं, विसर्जनानंतर सुटं करून खोक्यात.

काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं. आता तरी वाई किंवा पुणे ठरेल असं काकूंना वाटलं होतं. मुलाचा पुण्यातला फ्लॅट अजून बांधून व्हायचा होता. तोवर प्रेम नगरमध्ये, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, दुबेजींच्या खालच्या मजल्यावर काकांनी जागा भाड्याने घेतली. तोवर म्हणजे काय, हे सांगायला नको. खोकी आली, गादी आली, गाठोडं दिवाणाखाली गेलं. दिवाळी आली की चिंच भिजत पडायची. फ्लॅट बिल्डरच्या कृपेने लांबत गेला आणि काकांना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. जायचं आहे आणि अजून गेलेलो नाही, ही त्यांची सगळ्यात आवडती अवस्था होती.

एका हिवाळ्यात काकूंना चालताना धाप लागू लागली. मग पायांवर सूज. मुलगा व्हिडिओ कॉलवर घाबराघुबरा व्हायचा. मीच दोघांना घेऊन सिविल लाइन्समधल्या एका हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या. काकूंना बाहेर रिक्षात बसवून डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. तरुण होता, सभ्य होता. कागद चाळत म्हणाला, “देखिए अंकल, हार्ट कमज़ोर हो गया है। उम्र भी है। दवा चलने दीजिए, नमक कम कीजिए। फिलहाल कोई चिंता की बात नहीं।”

मला हायसं वाटलं. काका मात्र खुर्चीत पुढे सरकले.

“फिलहाल?”

“जी अंकल। फिलहाल।”

काकांनी तारीख विचारली नाही. हात जोडले आणि उठले.

बाहेरच्या बाकावर ते एकदम बसले. मी म्हटलं, काका, चांगलं सांगितलं की त्यांनी, तूर्त काळजी नाही म्हणाले. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, त्याने माझाच मसुदा मला वाचून दाखवला.”

मी त्यांच्या शेजारी बसले.

“असं कुणाला आणि कधी लिहितात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?” असं म्हणून त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळे पुसले, परत चष्मा पुसला. रिक्षात काकू शेंगदाणे सोलून खात होत्या. “काय म्हणाला?” त्यांनी विचारलं. काका म्हणाले, “मीठ कमी करायला सांगितलंय.” काकूंनी खारे शेंगदाणे मुकाट्याने माझ्या हातात दिले.

घरी जायच्या वाटेवर काकांनी रिक्षा बड्या बाजाराकडे वळवायला लावली. गर्दीत लोखंडी सामानाच्या दुकानासमोर उतरले. मीही मागोमाग उतरले.

“भैया, झूले के कड़े दिखाइए।”

“कौन सी छत में लगाना है, बाबूजी? ढलाई की है, कि गर्डर-पटिया है?”

छत काँक्रीटचं ओतलेलं आहे की लोखंडी गर्डरवर फरश्या टाकलेलं, हे काकांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या खोलीत झोपून ह्या माणसाने वर छताकडे एकदाही पाहिलं नव्हतं! शेवटी त्यांनी दोन्ही तऱ्हेची कडी घेतली आणि पिशवी पायाशी लपवून रिक्षात बसले. काकूंनी विचारलं तर म्हणाले, “किरकोळ सामान.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. काकांनी त्याच्या आधी वर जाऊन दुबेजींची परवानगी काढली होती. छताला भोक पडेल, जाताना भरून देऊ, असं काय काय सांगितलं होतं. दुबेजी स्वतः मिस्त्रीबरोबर खाली आले. मिस्त्रीने वर पाहिलं आणि हसला. “बाबूजी, छेद कहाँ करना है? ऊपर लोहे का गर्डर पड़ा है। कड़ा फँसाओ, हाथी झुला लो।”

काकांनी मान वर केली. जाडजूड गर्डर त्यांच्या डोक्यावरून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “राहायला आलो त्याच दिवशी मी बघून ठेवलाय तो,” त्या म्हणाल्या.

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं उत्तर मला पाठ होतं. परत कशाला ऐकायचं?”

काका वाकले, दिवाणाखालून गाठोडं स्वतः ओढून काढलं आणि जमिनीवर सोडलं. साखळ्या गर्डरला लागल्या, पाट बसला. वरून दुबेजींच्या पत्नी आल्या. “काए भाभी जी, झूला डर गओ?” त्यांनी विचारलं, झोपाळा टांगला का म्हणून. “हओ,” काकूंनी होकार दिला आणि पदराने पाट पुसला.

त्या बसल्या. पाय जमिनीला पोचत नव्हते, म्हणून काकांनी हलकेच झोका दिला. पितळेचा कुरकुर आवाज झाला. काकूंनी डोळे मिटले. मी चहा करून आणला. काकू म्हणाल्या, “तुम्हीपण बसा की.” काका बसले, स्टेशनच्या बाकावर बसल्यासारखे, अगदी कडेला. मग जरा मागे सरकले. चहाचा कप मी अर्धाच भरला होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. “भरा हो पूर्ण,” म्हणाले.

त्यानंतर भिंतीला खिळे आले. खोकी एकेक करून दुबेजींच्या गच्चीवर गेली आणि होळीत जळली. पुण्याचा फ्लॅट तयार झाला, मुलगा न्यायला आला, दोघांच्या पाया पडून विनवण्या करून गेला. त्याला काकांनी काय सांगितलं असेल? तेच. “फॉर द टाइम बीइंग इथेच.” पण ते सांगताना त्यांनी काकूंकडे पाहिलं होतं, आणि काकूंनी त्यांची नक्कल केली नाही.

डॉक्टरचं फिलहाल बरंच पुरलं. इतकं, की कधीही न खोकणारे काकाच आधी गेले, एका दुपारी, झोपेत. तेव्हा मी झाशीत नव्हते. काकूंनी स्वतः फोन केला. बोलताना मागे तो पितळी आवाज येत होता. रडून झाल्यावर मी विचारलं, काकू, आता पुण्याला जाल ना? त्या म्हणाल्या, “बघू गं. फॉर द टाइम बीइंग.” ह्या वेळी ती नक्कल नव्हती.

मला मात्र काका आठवतात ते मी झाशी सोडली त्या सकाळचे. माझी बदली नागपूरला झाली होती. निघताना मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. रात्रभर धाप लागून जागलेल्या काकूंचा झोपाळ्यावर बसल्या बसल्या डोळा लागला होता, मान साखळीला टेकलेली. काका शेजारी उभे राहून एका हाताने झोका देत होते. झोका थांबला की त्यांना जाग येत असावी. मला पाहून काकांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मी दारातूनच नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, आणि मग झोपाळ्याकडे बघून अशी काही ओशाळी खूण केली, की बाई, आज स्टेशनवर येणं काही जमायचं नाही. मी खुणेनेच म्हटलं, राहू द्या.

गाडी सुटली तेव्हा सवयीने मी खिडकीतून मागे वळून पाहिलं. हात वर करून कुणी उभं नव्हतं. फलाट पार संपेपर्यंत मी बघत राहिले. काका आले नव्हते, आणि मला फार बरं वाटलं.